बायोमेडिकलमध्ये बी.ई. झाल्यावर सिंथेटिक बायोलॉजीत (जिवंत पेशींत नवी जनुकं जोडून त्यांच्याकडून हवं ते काम करून घेण्याच्या शाखेत) पीएच.डी. करून प्राध्यापक होता येईल का?

येईल. गेट या प्रवेश परीक्षेला २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे, जेआरएफ ही पीएच.डी. करणाऱ्यांची शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कर्करोगावरच्या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हापासून "भारतात यात काय होणार?" म्हणणारे जरा गप्प आहेत. अडचण जागांची आहे. जाहिरातीत 'संबंधित शाखा' असते आणि मुलाखतीत एक जण हमखास विचारतो, "तुम्ही नक्की इंजिनिअर की बायोलॉजिस्ट?" त्याची तयारी ठेवा.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, "ज्या गाईडचे पेपर जास्त, त्यांच्याकडेच जाणार." यावर मला बोलायचंच आहे.

माझी पीएच.डी. पाण्यातलं आर्सेनिक ओळखणाऱ्या ई. कोलाय जिवाणूवर होती. त्यासाठी त्यात आम्ही जनुकांची एक जोडणी बसवली होती, तिला सर्किट म्हणतात. आर्सेनिक लागलं की जिवाणूने हिरवं चमकायचं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. ताज्या कल्चरमध्ये, म्हणजे नुकत्या वाढवलेल्या जिवाणूंत, तिथपर्यंतचं रीडिंग सुरेख यायचं. तेच कल्चर रोज नव्या मीडियात (जिवाणूंच्या पोषक द्रवात) टाकत गेलं की चमक उतरायची. सिक्वेन्सिंग केलं, तर जिवाणूच्याच जीनोममधला एक तुकडा उडी मारून आमच्या सर्किटमध्ये घुसलेला. जो जिवाणू परकं प्रोटीन बनवत बसतो तो हळू वाढतो, ज्याचं सर्किट मोडलं तो भराभर वाढतो आणि काही पिढ्यांत फ्लास्क त्यांनीच भरतो. तण पिकाला कसं खातं, तसंच हे. अँटिबायोटिक घालूनही उपयोग नाही, कारण त्याने फक्त प्लाझ्मिड, म्हणजे सर्किट वाहणारं डीएनएचं कडं, हरवलेले जिवाणू मरतात; इथे प्लाझ्मिड जागेवर असतं, निकामी होतं ते सर्किट.

चमक कशी उतरते याचा आलेख मला पेपरात हवा होता. माझे गाईड सर म्हणाले, "सप्लिमेंटरीत, पेपरच्या पुरवणीतसुद्धा नको. रिव्ह्यूअर परत पाठवतील." मी म्हटलं, गावात ठेवायची वस्तू आहे, चमक किती टिकते हेच सांगायचं नाही तर मग सांगायचं काय? त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं उरलं. पेपर आलेखाशिवाय छापला गेला. आलेख थिसिसमध्ये गेला, आणि थिसिस उघडून कोण बघतं? पुढे दुसऱ्या राज्यातल्या एका पीएच.डी.च्या मुलीचा मेल आला: "मॅडम, तुमचं सर्किट आमच्याकडे बंद पडतं. माझं काय चुकतंय?" तिचं काहीच चुकत नव्हतं. तिचं जवळजवळ एक सेमिस्टर त्या गाळलेल्या आलेखापायी गेलं. मला आजही त्याचा राग येतो.

रिव्ह्यूअरचं म्हणाल, तर एलोविट्झ आणि लायब्लर या शास्त्रज्ञांनी २००० साली 'नेचर' या नियतकालिकात रिप्रेसिलेटर, म्हणजे ई. कोलायला ठरावीक लयीत चमकवणारं सर्किट, छापलं तेव्हा स्वच्छ लिहिलं होतं की लय साधारण ४० टक्के पेशींतच दिसते, आणि तीही अनियमित. छापला ना त्यांचा पेपर? पेशीपेशीतल्या या चढउतारांवरच एलोविट्झने पुढे २००२ मध्ये 'सायन्स'मध्ये जे काम छापलं, त्यावर आज अख्खी शाखा उभी आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूची हृदयाच्या झडपेची आधीची मॉडेलं फसली, नीलमाची चकतीही टिकली नाही. त्यातूनच पॉलिएथिलिनच्या चकतीची झडप आली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्या रुग्णाला बसवली. काय मोडलं याची नोंद दाबून ठेवली असती, तर ही झडप झालीच नसती.

म्हणून गाईडचे पेपर मोजू नका. त्या लॅबमधल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला चहाला न्या आणि विचारा, फसलेला प्रयोग ग्रुप मीटिंगमध्ये दाखवता येतो का? तो अडखळला, तर अर्ज दुसरीकडे करा.

आता हेही खरं, की नावावर अगदीच पेपर नसतील तर मुलाखतीचं बोलावणंही येत नाही. आणि पीएच.डी.नंतर पोस्टडॉकची, म्हणजे तात्पुरत्या संशोधक-पदाची, वर्षं असतात; घरी पैशाची निकड असेल तर आधी थोडी नोकरी करून या. गेटला वयाची अट नाही, सीएसआयआरच्या जेआरएफला आहे, तेवढं बघून ठरवा.