मुलाचं नाव 'रय्यान' ठेवायचं आहे. अर्थ काय, आणि हे नाव प्रचलित आहे का?

'रय्यान' म्हणजे तहान पुरती भागलेला, पाण्यानं तृप्त झालेला. आणि हो, अरबी जगात आणि भारतातल्या मुस्लिम घरांतही हे नाव चांगलंच प्रचलित आहे. 'बुखारी' आणि 'मुस्लिम' या दोन्ही हदीससंग्रहांत (म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांत) जन्नतच्या एका दरवाजाचं नाव रय्यान आहे. त्यातून फक्त रोजे ठेवणारेच आत जातील. दिवसभर पाण्याचा घोटही न घेतलेल्यांसाठी किती नेमकं नाव! रमजानमध्ये जन्मलेल्या मुलाला तर फारच शोभतं. कतारमध्ये अल रय्यान नावाचं शहरही आहे. फक्त 'रेहान'शी गल्लत करू नका. ते वेगळं नाव, अर्थ सुगंधी वनस्पती, म्हणजे आपल्याकडच्या सब्जाचं झाड. कुराणात रेहान हा शब्द येतो, रय्यान येत नाही.