४ बाइटचा आकडा, ७१ बाइटचा सेल

प्रश्न : एचबेसमध्ये (प्रचंड डेटासाठीचा डेटाबेस) सेन्सरची तापमानं साठवतो. आकडा फक्त ४ बाइटचा, तरी टेबल बेसुमार फुगलंय. का?

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! एचबेस प्रत्येक सेलसोबत, म्हणजे साठवलेल्या एकेका मूल्यासोबत, रो की (ओळीची ओळख), कॉलम फॅमिली (कॉलमांचा गट), क्वालिफायर (गटातल्या कॉलमचं नाव) आणि टाइमस्टॅम्प (वेळेची नोंद) पुन्हा पुन्हा लिहितं. लांबीच्या नोंदी ११ बाइट, टाइमस्टॅम्प ८, नोंदीचा प्रकार (लिहिणं की पुसणं) १, असे २० बाइट ठरलेलेच. रो की १६ बाइट, फॅमिलीचं नाव १२ आणि क्वालिफायर १९ इंग्रजी अक्षरांचा असेल तर सेल ७१ बाइटचा झाला. दोन्ही नावं एकेक अक्षराची केलीत की ४२. म्हणजे एन्कोडिंग-कॉम्प्रेशन (डेटा आटोपशीर करायचे उपाय) नसताना १०० कोटी सेलमागे २९ जीबी वाचतात. एचडीएफएसच्या (एचबेसच्या फाइल ठेवणारी यंत्रणा) ३ प्रती धरल्या तर ८७. हौसेनं देवनागरी नावं देऊ नका : यूटीएफ-८ मध्ये नुसतं ‘ताप’ ९ बाइट खातं. फॅमिलीचं नाव मागाहून बदलता येत नाही, नवं टेबल करून डेटा उतरवावा लागतो. तेव्हा हे आधीच ठरवा.

प्रश्न : स्नॅपी कॉम्प्रेशन (डेटा दाबून ठेवायची पद्धत) चालू आहे. मग फास्ट डिफ हे एन्कोडिंग कशाला?

स्नॅपीचा फायदा डिस्कवर. ब्लॉक कॅशमध्ये (वाचलेले ब्लॉक, म्हणजे फाइलचे तुकडे, रॅममध्ये ठेवायची जागा) ब्लॉक एरवी उलगडूनच ठेवला जातो, म्हणजे रॅम तीच लांबलचक नावं खाते. फास्ट डिफमध्ये आधीच्या सेलशी जुळणारा कीचा भाग पुन्हा लिहिला जात नाही, आणि ब्लॉक कॅशमध्येही तसाच आटोपशीर राहतो. दोन्ही एकत्र चालतात. किंमत सीपीयूत मोजावी लागते : ब्लॉकमधला एक सेल शोधायला आधीचे ओळीनं उलगडावे लागतात. व्हॅल्यूच मोठ्या असतील तर फास्ट डिफनं फारसं काही वाचत नाही.

प्रश्न : ऑल्टर (टेबलची मांडणी बदलणारा आदेश) करून फास्ट डिफ लावलं, पण आकार जसाच्या तसा!

जुन्या एचफाइल (एचबेसच्या डेटा फाइल) मेजर कॉम्पॅक्शन, म्हणजे सगळ्या फाइल एकत्र करून नव्यानं लिहिणं, होईपर्यंत जुन्याच रूपात राहतात. ते रात्री, वर्दळ कमी असताना चालवा. नव्या फाइल पूर्ण होईपर्यंत जुन्याही असतात, तेवढी मोकळी जागा हवी. त्यानंतरही डिस्क रिकामी दिसली नाही तर स्नॅपशॉट (टेबलची त्या क्षणाची जपलेली स्थिती) बघा. स्नॅपशॉट धरून असलेल्या फाइल आर्काइव्हमधून (जुन्या फाइलींचं फोल्डर) हलत नाहीत. बहुतेक वेळा घोडं इथेच अडतं.

प्रश्न : सगळे कॉलम एकाच प्रोटोबफमध्ये (अनेक फील्ड एकाच बाइट-गठ्ठ्यात बांधायची पद्धत) कोंबले तर?

एकत्र लिहिले आणि एकत्रच वाचले जात असतील तर खुशाल. ओपनटीएसडीबी (एचबेसवर चालणारा, वेळेनुसारच्या नोंदींचा डेटाबेस) तासाभराच्या नोंदी एका रोमध्ये ठेवतं आणि त्याचं स्वतःचं कॉम्पॅक्शन चालू असेल तर त्यांचा एकच सेल करतं. मात्र एखादंच फील्ड बदलायचं तर आख्खा सेल वाचून पुन्हा लिहावा लागेल, आणि दोघांनी एकदम लिहिलं तर एकाचा बदल पुसला जाईल. काउंटर असतील ते वेगळ्या कॉलममध्येच ठेवा.