चाळीस पौंडांची वैरण

प्रश्न : आम्ही बर्मिंगहॅमला असतो. आई-बाबा कोल्हापुरात, राजारामपुरीत. येत्या डिसेंबरात त्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. आम्हाला सुट्टी मिळत नाही, म्हणून निदान फुलं तरी पोचवावीत असं वाटतं. गेल्या वर्षी एका वेबसाइटवरून बुके मागवला, तो रात्री साडेनऊला पोचला. फोटोत जे दिसलं होतं त्याचा आणि जे आलं त्याचा काही संबंध नव्हता. आई व्हिडिओ कॉलवर "छान आहे गं" म्हणाली, पण तिचा चेहरा मला कळतो. एखादं खात्रीचं दुकान सुचवाल का?

उत्तर : दुकान सुचवत नाही. माझं ओळखीचं दुकान माझ्या माहेराजवळ, गंगावेशीकडं आहे. तुम्हाला राजारामपुरीतलं हवं. ते शोधायचं कसं आणि सापडल्यावर त्याच्याशी बोलायचं काय, तेवढं सांगते. पण आधी माझी फजिती ऐका, म्हणजे तुम्ही एकट्या नाही हे कळेल.

मी तेव्हा लेस्टरला होते. वडिलांना ७५ वर्षं पूर्ण होत होती, महिना मे. रात्री जागून एका चकचकीत साइटवर दोन डझन लाल गुलाब निवडले, ४० पौंड भरले. पोरगा बुके घेऊन आला दुपारी अडीचला. मे महिन्यात दुपारी अडीचला कोल्हापुरात कुणाचं दार उघडं असतं? घरात सगळे जेवून आडवे झालेले, बेल बिघडलेली. त्यानं दोन हाका मारल्या, बुके फाटकाच्या सळीला अडकवला, फोटो काढला आणि "डिलिव्हर्ड" करून मोकळा झाला. आमच्या गल्लीतून संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर जातात, धारा काढायला. पाच वाजता वडील दार उघडून बघतात तर सळीला रिबीन आणि सेलोफेनचा कागद लोंबतोय आणि म्हैस निवांत रवंथ करत पुढं निघालीय. त्यातले गुलाब दोन डझन होते की चार, हे तीच जाणे. पुढची पाच वर्षं वडील येईल त्या पाहुण्याला सांगत होते, "आमच्या लेकीनं म्हशीला चाळीस पौंडांची वैरण घातली."

चूक पोराची नव्हती, म्हशीची तर नव्हतीच. त्या साइटचं कोल्हापुरात दुकान नसतं, हे मला माहीत नव्हतं. असल्या बऱ्याच साइटी तुमचे पैसे घेतात, आपलं कमिशन कापतात आणि उरलेल्या रकमेत गावातल्याच एखाद्या फुलवाल्याला काम देतात. अमेरिकेतल्या फुलवाल्यांनी १९१० साली तारेनं एकमेकांना ऑर्डरी कळवायची सोय उभी केली, तिथून ही पद्धत चालत आली. पण तेव्हा दोन्ही टोकांना फुलवालाच असायचा. आता मधला माणूस फुलाला हातही लावत नाही. म्हणजे तुमचे पूर्ण पैसे थेट मिळाले असते तर ज्यानं झकास बुके बांधला असता, तोच माणूस उरल्यासुरल्या पैशात चार ग्लॅडिओच्या काड्या आणि मूठभर कामिनीचा पाला बांधून देतो. तुमचा आवाज त्यानं ऐकलेला नसतो आणि तक्रार करायला तुम्ही त्याच्या दारात येणार नसता. मग मन लावून का बांधावं त्यानं?

तर दुकान शोधताना नेटवरचे तारे मोजत बसू नका. कोल्हापुरात सत्कारांना तोटा नाही. पतसंस्थेची सभा, तालमीचा वर्धापनदिन, शाळेतल्या सरांची निवृत्ती, काही असलं तरी शाल, श्रीफळ, फेटा आणि बुके ठरलेला. तेव्हा बाबांच्या ओळखीत एखाद्या पतसंस्थेतला किंवा शाळेतला क्लार्क असेल तर त्याला गाठा आणि विचारा, "साहेबांच्या सत्काराचे बुके कुठनं आणता?" जो माणूस वर्षाला पन्नास बुके वेळेवर पोचवतो आणि चेअरमनचे बोल खाऊनही टिकून आहे, तो तुमचा. मी असाच शोधला, सात वर्षं झाली.

एक लक्षात ठेवा, हारवाले वेगळे आणि बुकेवाले वेगळे. महाद्वार रोडला, अंबाबाईच्या देवळाच्या अंगानं बसतात त्यांच्याकडं हार, वेणी, गजरा, कमळ असलं मिळेल, आणि ते काम त्यांच्यासारखं दुसऱ्याला जमणार नाही. पण त्यांना लिलियम, म्हणजे मोठी परदेशी लिली, मागाल तर तुमच्याच तोंडाकडं बघतील. बुकेवाल्याचा हारही तसाच, दिसायला बरा आणि वासाला शून्य.

दुकान मिळालं की पहिला फोन असा करतात : "मला हाच बुके पाहिजे, फोटो व्हॉट्सॲपवर टाकलाय." करू नका. फोटो कुठल्या तरी परदेशी स्टुडिओतला असतो आणि त्यातली निम्मी फुलं कोल्हापुरात त्या आठवड्यात आलेलीच नसतात. बुकेवाला "होय ताई" म्हणतो, नाही म्हणायची पद्धत नाही आपल्याकडं, आणि मग त्यातल्या त्यात जुळवतो. त्यापेक्षा तीन गोष्टी सांगा : निमित्त काय, घरात माणसं कोण आणि बजेट किती. मग विचारा, "त्या दिवशी ताजं काय येणार हाय?" माझा बुकेवाला या प्रश्नावर खुलला होता. "ताई, जरबेरा आणतो की, पण मे महिना हाय, संध्याकाळपर्यंत माना टाकंल. तुम्ही कार्नेशन घ्या, आठवडाभर हलत नाही."

थोडं बाजाराचं गणितही कळलेलं बरं. डच गुलाब बाजारात २० नगांच्या गड्डीनं येतो, जरबेरा साधारण १० काड्यांच्या. तुम्ही "बारा गुलाब" म्हणालात की फोडलेल्या गड्डीतले बारा येतात, त्यात कालचे किती हे त्याचं त्याला ठाऊक. "एक अख्खी गड्डी, माझ्यासाठी फोडा" म्हणालात तर पैसे थोडे जास्त जातील, पण फूल त्या दिवसाचं मिळेल. निशिगंध, म्हणजे बाजारातली गुलछडी, सांगणार असाल तर खालची दोन-तीन फुलं उमललेली आणि वरच्या कळ्या बंद अशा काड्या मागा. ती खालून वर उमलत जाते आणि संध्याकाळी घरभर वास सोडते. लिलियम कळीतच घ्यावी. ट्युलिपचा हट्ट सोडा. ट्युलिप बघायला तुम्हीच आई-बाबांना एप्रिलात तिकडं न्या.

वेळेची मोठी गोची असते. डिसेंबरात तुमच्या आणि कोल्हापूरच्या घड्याळात साडेपाच तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेचार. सकाळी सहाला उठून फोन केलात तर तिथं साडेअकरा वाजलेले असतात, तो गिऱ्हाइकांतून जरा मोकळा होतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वाचकांनी हिवाळ्यात रात्री दहाला फोन करावा, तिथं सकाळचे साडेआठ. पण "उद्या" हा शब्द वापरू नका. तुमचा उद्या आणि त्याचा उद्या एक नसतो. तारीख सांगा, वार सांगा, परत त्याच्याकडून वदवून घ्या. बुके पोचवायची वेळ सकाळी दहा ते बारा किंवा संध्याकाळी पाच ते सात. एक ते चार नको, कारण वर आलंच आहे.

पत्त्यात पिनकोडपेक्षा खूण महत्त्वाची. राजारामपुरीला गल्ल्यांना नंबर आहेत म्हणून तुमचं निभेल. पेठांमधल्या लोकांनी "तालमीच्या मागं, पिंपळाच्या समोर, निळं गेट" असंच सांगावं. सोबत शेजाऱ्यांचा नंबर द्या, आईचा नव्हे. आईला फोन गेला की सरप्राइज संपलं, आणि वर "कशाला खर्च केलास" हे तुम्हाला आधीच ऐकायला मिळेल.

पावसाळ्यात ऑर्डर देणाऱ्यांसाठी एक खास कोल्हापुरी सूचना. जुलै-ऑगस्टमध्ये आधी पंचगंगेची पातळी विचारायची. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे तुम्हालाही पाठ असतीलच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता, तेव्हा दूध-पेट्रोलची मारामार, तिथं जरबेरा कुठला? नवरात्रातही जुन्या गावात बुके पाठवायच्या फंदात पडू नका. देवळाच्या परिसरात गाडी शिरत नाही आणि फुलांचे भाव ऐकवत नाहीत.

पैशांचं सोपं झालंय. जानेवारी २०२३ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं परदेशस्थ भारतीयांच्या एनआरई-एनआरओ बँक खात्याला जोडलेल्या परदेशी मोबाइल नंबरावर यूपीआय वापरायला वाट करून दिली. त्या वेळच्या १० देशांच्या यादीत ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती आहेत. तुमची बँक ही सोय देते का ते बघा, नाहीतर चुलतभाऊ आहेच. पैसे मात्र आधी पाठवा आणि पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नका. लेस्टरला कॉफीचे तेवढ्याला चार घोटही येत नव्हते.

अनेक वाचक दुःखाच्या प्रसंगाचंही विचारतात, तर तेही इथंच. तिकडं कुणी गेलं की पांढरी फुलं आणि कार्ड पाठवतात. आपल्याकडं सेलोफेनमधला बुके घेऊन पोरगा दारात उभा राहिला की बाया एकमेकींकडं बघतात, कुठं ठेवावा कळत नाही. रक्षाविसर्जनापर्यंत काहीच पाठवू नका, फोन करा. उत्तरकार्याच्या दिवशी फोटोला घालायला हारवाल्याकडून ताजा हार जाऊ दे, कार्ड नको. हार कुणी पाठवला ते घरच्यांना कळतं.

आणि बुके पोचल्यावर काय होतं, त्याचीही तयारी ठेवा. माझी आई तो फ्लॉवरपॉटमध्ये ठेवत नाही. आधी कागद आणि रिबीन सोडवून घडी करून कपाटात ठेवते, "पुढं उपयोगी पडंल." मग मला विचारते, "मी एवढ्या फुलांचं काय करतो गं?" (कोल्हापूरच्या बाया "करतो, जातो"च म्हणतात, जावयाला अजून सवय झालेली नाही.) शेवंती दिसली की तिचा हात देवाकडं वळतो, मग आठवतं की बुकेची फुलं दहा जणांनी हुंगलेली, देवाला चालत नाहीत. शेवटी जरबेरा स्टीलच्या तांब्यात जातो, गळ्यापर्यंत पाणी भरून. तेवढं मात्र आईला सांगा : जरबेऱ्याला चार बोटं पाणी पुरे, जास्त पाण्यात दांडा कुजतो. रोज पाणी बदलायचं, दांडा तिरका कापायचा, आणि केळ्यांच्या फणीशेजारी तांब्या ठेवायचा नाही. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो, त्यानं फुलं लवकर मान टाकतात, कार्नेशन तर फारच.

आता तुमचे ५०. माझं ऐकाल तर बुके संध्याकाळी पाठवा, मंडळी जमल्यावर, गुलाबाची एक अख्खी गड्डी आणि गुलछडी. कार्डावरचा मजकूर स्वतःच्या हातानं मराठीत लिहून त्याचा फोटो पाठवा आणि दुकानदाराला तोच छापून लावायला सांगा, नाहीतर तो "हॅपी ॲनिव्हर्सरी सर अँड मॅडम" लिहून मोकळा होईल. पण खरी ऑर्डर सकाळची, आणि ती महाद्वार रोडच्या हारवाल्याला : आईला वेणी आणि एकसारखे दोन हार, दोघांनी एकमेकांना घालायला. डिसेंबरात लग्नसराई असते, म्हणून आठ दिवस आधी सांगून ठेवा. हारवाला विचारेल, लांबी किती? बाबांची उंची सांगा. बाबा "हे काय वय आहे का" म्हणतील, आई आत जाऊन साडी बदलून येईल. फोटो काढायला चुलतभावाला दहा मिनिटं आधी पाठवा, कारण ते दोघं हार घालतील एकदाच आणि लगेच काढून देवाच्या खुंटीला अडकवतील.