पोराच्या तोंडी बापाचे संवाद

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. नवरा आखाडात तोंडाच्या कॅन्सरने गेला. दरसाल दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा भरते, तिच्या नाटकात त्याचं काम असायचं. ऑपरेशननंतर बोलता येईना, तेव्हा अकरा वर्षांचा पोरगा खाटेशेजारी बसून त्याचे संवाद म्हणायचा आणि चुकला की बाप खाटेवर बोट आपटायचा. आता मंडळाने पोराला छोटं काम दिलंय आणि सासूबाई म्हणतात, "वरीस नाही झालं बापाले, अन् याले नाटक सुचते!" पाठवू का, असं तुम्ही विचारता.

पाठवा. तुम्हीही जा.

शेवटी बापलेकांचं जे काही बोलणं झालं, ते त्या संवादांतूनच. तेही बंद केलं तर पोराजवळ बापाचं काय उरलं? भिंतीवरचा हार घातलेला फोटो.

नाटकाने कॅन्सर बरा होत नाही. तसं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांबच राहा. पण आपल्या झाडीपट्टीत, या पूर्व विदर्भात, रात्री उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाही, आणि रडका प्रवेश आला की बाया तोंडाला पदर लावून मोकळ्या होतात. का रडतेस, असं कुणी विचारत नाही. घरी रडलात तर पोरगा बघतो, सासू बघते. तिथे सगळं नाटकाच्या नावावर खपतं. बहीण गेल्यावर मी तर एका विनोदी नाटकात ढसाढसा रडले होते. शेजारच्या बाईने काही न बोलता शेंगांचा पुडा पुढे केला.

सासूबाईंशी भांडू नका, त्यांचा लेक गेलाय. त्या भजनाला जातात ना? तुकडोजी महाराजांनाही १९६८ मध्ये कॅन्सरनेच नेलं. मोझरीला, त्यांच्या आश्रमात, पुण्यतिथीच्या दिवशी हजारो माणसं मौन धरतात, पण म्हणून त्यांच्या भजनाची खंजिरी काही थांबली नाही. एखाद्या संध्याकाळी सासूबाईंनाच विचारा, त्यांचा लेक पहिल्यांदा कोणत्या कामात उभा राहिला होता, आणि पोराला जवळ बसवा. त्यांना सांगायचं असेल हो, कुणी विचारतच नाही.

एक मात्र खटकलं. पोराला "देवाने नेलं" एवढंच सांगितलंय. पानठेल्यावरून पन्नीतला खर्रा, ती घोटलेली तंबाखू-सुपारी, आणायला बाप त्यालाच पाठवायचा, हेही तुम्हीच लिहिलंय. ते पोर मनात काय हिशोब मांडत असेल? त्याला सरळ सांगा, आजार तंबाखू-सुपारीने झाला, तू आणून दिलंस म्हणून नाही. एकदा सांगून भागणार नाही.

तुम्ही दहावी शिकलात, तर पोराची जुनी वही घ्या आणि मनातलं लिहा. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं मनातलं दुःख लिहायला लावलं. लिहून उठल्यावर त्यांना जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तेव्हा पहिल्या दिवशी रडू आलं म्हणून वही फेकू नका. शुद्धलेखन कुणी तपासणार नाही.

पोराचं जेवण-झोप बरेच दिवस बिघडलेलं दिसलं, किंवा तुम्हालाच जीव नकोसा वाटला, तर १४४१६ वर फोन लावा. टेली-मानसची सरकारी सेवा आहे, फुकट, मराठीत बोलता येतं.

मंडईच्या रात्री थंडी बोचते. वाकळ न्या, आणि सासूबाई नाही म्हणाल्या तरी त्यांची जागा धरून ठेवा.