गुंतवळातला पांढरा दाणा

या खेपेला आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त पत्रं केसांची आहेत. दोघींनी तर पाकिटात गुंतवळच घालून पाठवलंय. कृपा करून पाठवू नका; पोस्टाने आलेले केस बघून रोग सांगणं मला जमत नाही. पण त्या गुंतवळात एक गोष्ट खरंच बघण्यासारखी असते, म्हणून त्याच पत्रापासून सुरुवात करते.

बाळ चार महिन्यांचं झालंय. डोक्यावरून न्हायले की मूठभर केस येतात, मोरीची जाळी तुंबते. प्रत्येक केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो, म्हणजे मुळासकटच उपटून येतोय ना? सासूबाई म्हणतात, बाळ आईला बघून हसायला लागलं की आईचे केस जातात.
— एक आई, कोल्हापूर

सासूबाईंचं निरीक्षण पक्कं आहे, कारण तेवढं वेगळं आहे.

आधी तो ठिपका. एक गळलेला केस गडद रंगाच्या कागदावर ठेवून बघा. बुडाशी रव्याच्या कणीहून बारीक, कोरडा, गोलसर दाणा दिसेल. ते मूळ नव्हे. मूळ कातडीच्या आत तीन-चार मिलिमीटर खोल आहे आणि ते तिथंच आहे. केसाची वाढ थांबली की त्याचं बूड सुकून घट्ट होतं, त्यात रंग भरणंही बंद झालेलं असतं, म्हणून दाणा पांढरा. वाळूक पिकलं की देठापासून आपण होऊन सुटतं, तसं हे सुटणं आहे. याउलट, वाढीला लागलेला केस ओढून काढला तर त्याचं बूड काळसर, ओलसर आणि चिकट निघतं.

आता थोडा हिशेब करू. डोक्यावर साधारण 1 लाख केस. प्रत्येक केस 2 ते 6 वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत गाशा गुंडाळतो, पुढे सुमारे तीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा फुटतो. कुठल्याही दिवशी डोक्यावरचे जवळपास 10 टक्के, म्हणजे 10 हजार केस या बसलेल्या अवस्थेत असतात. ते शंभरेक दिवसांत गळायचे, म्हणजे रोजचे शंभर झाले. निरोगी माणसाचे रोज 50 ते 100 केस जातात असं जे आम्ही सांगतो, ते याच हिशेबाने.

गरोदरपणात इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन वाढलेलं असतं. त्यामुळे जे केस एरवी बसले असते तेही वाढत राहतात, आणि वेणी कधी नव्हे इतकी दाट होते. बाळंतपण झालं की इस्ट्रोजेन झपकन उतरतं आणि थांबून राहिलेले हजारो केस एकदम बसतात. बसलेला केस गळायला तीन महिने लागतात. बाळ ओळख दाखवून हसू लागतं तेही त्याच सुमाराला. दोन घड्याळांचे ठोके एकाच वेळी पडतात, एवढंच. बाळाच्या हसण्याचा त्यात काही दोष नाही.

केस गळतात म्हणून कुणी आलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो: तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? लोक गेल्या आठवड्यात बदललेल्या शांपूला दोष देत असतात, आणि विचारल्यावर कळतं की तेव्हा डेंग्यू झाला होता, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, नाहीतर लग्नासाठी जेवण निम्म्यावर आणून वजन उतरवलं होतं.

तुमचे केस परत येतील. सहा महिने ते वर्षभर लागेल. भांगाशी आणि कपाळावर बारीक केस ताठ उभे दिसू लागले की समजा, नवं पीक उगवतंय. वर्ष उलटूनही गळणं चालूच राहिलं, किंवा सोबत दम लागत असेल, फार थकवा असेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. डिंकाचे लाडू खुशाल खा, फक्त त्यांचं श्रेय केसांना देऊ नका.

नातवाचं जावळ काढायचंय. सून म्हणते, उगीच वस्तरा कशाला? आमच्याकडे तर जावळ काढल्यावरच दाट केस येतात असं म्हणतात.
— एक आजी, सातारा

जावळ काढा, मामाच्या मांडीवर बसवून हौसेने काढा. सोहळ्याला माझी हरकत नाही. पण दाटपणाचा आणि वस्तऱ्याचा संबंध नाही.

केसांची मुळं आईच्या पोटातच तयार होतात. जन्मानंतर नवं मूळ सहसा तयार होत नाही, आहे तेवढ्यावरच आयुष्य काढायचं. वस्तरा फिरतो कातडीच्या वर, कारखाना आहे खाली. खालच्याला वर काय झालं याचा पत्ताही लागत नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ बाईंनी 1928 साली पुरुषांच्या दाढीचे केस मोजून-मापून हेच दाखवलं होतं: वस्तऱ्याने केसाची जाडी वाढत नाही, रंग बदलत नाही आणि वाढीचा वेगही बदलत नाही.

मग हाताला राठ का लागतात? न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट. ज्वारीचं उभं पीक पायाला टोचत नाही, कापणीनंतरची धसकटं टोचतात. ज्वारी तीच असते.

शिवाय पहिल्या एक-दोन वर्षांत मुलाचे मऊ, विरळ केस जाऊन जाड केस येतच असतात. जावळही त्याच काळात निघतं, आणि श्रेय न्हावीदादांना मिळतं. बाळाच्या डोक्यामागे टक्कल पडल्यासारखा पट्टा असेल तर त्याचीही काळजी नको. तिथले केस जन्माच्या सुमाराला एकदम बसतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. उशीवर घासल्याने थोडी भर पडते, पण मूळ कारण ते नव्हे. वरच्या पत्रातल्या आईचं जे झालंय, तेच बाळाचंही.

मुलाच्या डोक्यात दोन भोवरे आहेत. दोन लग्नं होतील म्हणतात.
— नगरहून एक पालक

भोवरा म्हणजे केसांच्या मुळांचा कातडीतला कल. तो गर्भातच ठरतो. दोन भोवरे असलेल्या मुलाचा भांग एका जागी बसत नाही, एवढी अडचण मात्र जन्मभराची.

केस कमरेपर्यंत आहेत, पण खाली फाटे फुटलेत. केराटिनचा शांपू लावला तर जुळतील का? आणि पावसाळ्यात केस इतके पिंजारतात की शाळेतली मुलं हसतात. खोबरेल लावावं की नको?
— एक शिक्षिका, चिपळूण

आधी एक प्रयोग करा, मुलांनाही करून दाखवा. गळलेला लांब केस अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा आणि बोटं केसाच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे चोळा. केस सरकू लागेल, आणि दर वेळी एकाच बाजूला, बुडाकडच्या बाजूला. केस उलटा धरला तर उलट दिशेने जाईल. गव्हाची लोंबी बाहीत घातली की वर चढत जाते, त्यातलाच प्रकार.

कारण केसावर खवले असतात. घरावरच्या कौलांसारखे एकावर एक, सहा ते दहा थर, मोकळी कड टोकाकडे. त्यांच्या आत केराटिन या प्रथिनाच्या धाग्यांचा गाभा. केसाचं बळ त्या गाभ्यात असतं. कौलं शाबूत आहेत तोवर गाभा सुरक्षित. तुमचा केस कमरेपर्यंत, म्हणजे समजा 75 सेंटिमीटर. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. याचा अर्थ तुमच्या शेपट्याचं टोक सहा वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर पडलं. सहा वर्षांचं ऊन, फणी, टॉवेलची घासाघीस आणि रबरबँड त्याने सोसलेत. कौलं उडाली, गाभा उघडा पडला आणि धागे सुटे झाले: हेच फाटे. कातडीबाहेरचा केस निर्जीव असतो, त्याला जखम भरून काढता येत नाही. शांपूतलं केराटिन फार तर लिंपण करतं, ते पुढच्या न्हाणीला उतरतं. फाट्यांना औषध एकच, कात्री.

पिंजारण्याचं म्हणाल, तर केस हवेतलं पाणी पितो. कोरड्या हवेतून पुरत्या दमट हवेत गेला की त्याची लांबी दोन टक्क्यांच्या आसपास वाढते. स्वित्झर्लंडच्या सोस्यूर यांनी 1783 साली याच गुणावर हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र बसवलं होतं, माणसाच्या केसाचं. चिपळूणच्या जुलैत प्रत्येकीच्या डोक्यावर असं लाखभर यंत्रांचं भांडार असतं, तक्रार काय करायची!

खोबरेल जरूर लावा, पण न्हायच्या आधी. त्यातल्या लॉरिक आम्लाचे रेणू छोटे आणि सरळ असतात, ते खवल्यांच्या आत शिरतात. त्यामुळे धुताना केस कमी फुगतो आणि त्यातली प्रथिनं कमी निघून जातात. मुंबईतल्या संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, त्यात खोबरेलच उजवं ठरलं. (संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही सांगायला हवं, पण प्रयोग नीट केलेला आहे.) तेलाने केस तुटणं कमी होतं. केस उगवत मात्र नाहीत, मग त्यात माका घाला, जास्वंद घाला नाहीतर कांदा.

वय 24. नोकरीसाठी पुण्यात आलो आणि सोसायटीच्या बोअरच्या पाण्याने केस गेले. कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकलंय. मामाला पूर्ण टक्कल आहे. माझंही तसंच होणार का?
— एक इंजिनिअर, मूळ नाशिक

एक सांगा, अंघोळीचं पाणी तुमच्या डोक्याच्या मागच्या भागावर पडत नाही का? तिथले केस शाबूत आहेत. जड पाण्याने केस राठ होतो, साबणाला फेस येत नाही. पण ते पाणी कपाळ आणि मानेत भेदभाव करत नाही.

भेदभाव करतो तो डीएचटी, टेस्टोस्टेरॉनपासून शरीरातच बनणारा हार्मोन. कपाळाजवळची आणि टाळूवरची मुळं त्याला संवेदनशील असतात, मागची नसतात. संवेदनशील मुळाचा वाढीचा काळ दर फेरीत आखूड होतो आणि केस बारीक होत होत शेवटी लव उरते. अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 मध्ये नोंदवलं होतं की वयात येण्याआधी वृषणं काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. (हा उपाय मी सुचवत नाही!) मागचे केस पुढे लावले तरी ते आपला स्वभाव सोडत नाहीत, तिथंही टिकतात, केसरोपणाचा सगळा धंदा त्यावरच उभा आहे.

टक्कल मामावरून येतं हे म्हणणं अर्धं खरं. या हार्मोनला प्रतिसाद देणारं एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतं. पण बाकीची पुष्कळ जनुकं वडिलांकडूनही येतात. तेव्हा मामाकडे बघताना वडिलांकडेही बघा.

उपचार लवकर सुरू केले तर उपयोग होतो. बारीक झालेलं मूळ पुन्हा जाड केस देऊ शकतं, पार संपलेलं नाही. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी; ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून ती डोक्याला लावायचं औषध झाली. पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळतील. घाबरून सोडू नका: बसलेले केस नव्यांना जागा करून देतात. फरक दिसायला चार ते सहा महिने, आणि बंद केलं की मिळवलेलं जातं. डीएचटी कमी करणाऱ्या फिनास्टेराइडच्या गोळ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय, मित्राच्या सांगण्यावरून अजिबात नकोत.

शेगावकडच्या गावांत तीन-चार दिवसांत माणसांची टक्कलं पडली, ते काय होतं? तीन महिन्यांचा नियम तिथं कुठे गेला?
— एक वाचक, अकोला

प्रश्न अचूक आहे. 2024 सरता सरता आणि 2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बायका-पुरुष-मुलं, कुणालाही न सोडता हे झालं. आधी पाण्यावर संशय आला, मग बुरशीवर. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामासाठी आपण त्यांना ओळखतो, यांनी नमुने तपासून घेतले तेव्हा रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम (शरीराला अगदी थोडं लागणारं, जास्त झालं की विष ठरणारं मूलद्रव्य) खूप वाढलेलं आढळलं, आणि त्यांनी पंजाबकडून आलेल्या रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. पंजाबच्या होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातल्या काही जमिनींत सेलेनियम फार असतं, हे जुनं माहीत आहे.

तीन महिन्यांचा नियम केस बसतो तेव्हाचा. विषाचा घाव थेट वाढत्या मुळावर पडतो, तेव्हा केस बसायलाही थांबत नाही, वाढता वाढता तुटून येतो. कॅन्सरच्या केमोथेरपीत केस जातात ते असेच. सेलेनियम रसायनशास्त्राच्या नात्याने गंधकाचा भाऊ. केराटिनचे धागे एकमेकांना गंधकानेच बांधलेले असतात (केस जाळला की जो वास येतो तो त्याचाच). नंतर काहींची नखंही गेल्याच्या बातम्या आल्या. नखंही केराटिनचीच.

म्हणूनच केसांसाठीच्या गोळ्या घेणाऱ्यांना एक विनंती: डबीमागची यादी वाचा. त्यात बहुधा सेलेनियम असतं. रोजच्या अन्नात मायक्रोग्रॅममध्ये लागणारी ही वस्तू दोन-दोन डब्यांतून घ्यायची नाही. आणि बायोटिन (केसांच्या गोळ्यांतलं ब गटातलं जीवनसत्त्व) चालू असेल तर रक्त तपासायला जाताना सांगा, थायरॉइडचे आकडे चुकू शकतात.

दारावर येणारे केसांवर भांडी देतात. पूर्वी फुगे द्यायचे. या गुंतवळाचं करतात काय?
— एक आजी, बार्शी

टोप आणि गंगावनं. पण सगळे केस सारख्या किमतीचे नसतात. तिरुपतीला वाहिलेल्या केसांची बट कापली तशीच बांधलेली राहते, सगळी बुडं एका बाजूला, म्हणून लिलावात लांब केसांना चांगला भाव येतो. गुंतवळात बुडं आणि टोकं एकमेकांत मिसळलेली. चिपळूणच्या बाईंना सांगितलेला प्रयोग आठवा: उलटसुलट खवले एकमेकांत अडकतात आणि दोन दिवसांत त्या गंगावनाची जटा होते. त्यामुळे एकतर केस हाताने सोडवून निवडावे लागतात, नाहीतर आम्लात बुडवून खवलेच काढून टाकतात आणि वर सिलिकॉनचा हात देतात. तुमच्या पातेल्याच्या बदल्यात कुणीतरी तो गुंता दिवसभर बसून सोडवतं. तेव्हा देताना निदान त्यातल्या पिना काढून द्या.