खोट्या अकाउंटमुळे पडलेला प्रश्न आणि कायद्याचं शिक्षण

ऐरोलीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला आहे. तिच्या मैत्रिणीच्या नावाने कुणीतरी इन्स्टाग्रामवर खोटं अकाउंट उघडून फोटो टाकले. तेव्हापासून मुलीचं एकच चालू आहे : "टाकणारा गुन्हेगार आहेच, पण कंपनी कशी काय सुटते? मला हेच शिकायचंय." वडिलांना कॉम्प्युटर इंजिनीअरिंग हवंय. यात खरंच करिअर आहे की हे चार दिवसांचं खूळ, असं आई विचारतात.

ताई, आधी त्या मैत्रिणीचं बघा. स्क्रीनशॉट आणि अकाउंटची लिंक जपून ठेवा. अ‍ॅपवर आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा आणि नवी मुंबई पोलिसांकडेही जा. दुसऱ्याच्या नावाने केलेल्या अशा तोतयेगिरीवर ठरलेल्या मुदतीत कारवाई करणं कंपन्यांना २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे.

आता लेकीचं. हे खूळ नाही. २००४ मध्ये बाझी डॉट कॉम या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर एका वापरकर्त्याने अश्लील क्लिप विकायला ठेवली आणि अटक कंपनीच्या प्रमुखालाही झाली. त्यानंतर, २००८ मध्ये, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ बदललं. कंपनी फक्त जागा पुरवत असेल, मजकुरात हात घालत नसेल आणि नेमून दिलेली काळजी घेत असेल, तर लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी तिला दोषी धरत नाहीत. मात्र बेकायदा मजकुराची प्रत्यक्ष माहिती मिळूनही तो हटवला नाही, तर हे संरक्षण जातं.

'प्रत्यक्ष माहिती' कशाला म्हणायचं? त्याचं उत्तर ज्या खटल्यात मिळालं, त्याची सुरुवात तुमच्या जवळच झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या पोस्टवरून अटक झाली. एकीने मुंबई बंदबद्दल लिहिलं होतं, दुसरीने ते नुसतं लाइक केलं होतं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. या अटकेनंतर श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. मार्च २०१५ मध्ये न्यायालयाने, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिल्याबद्दल शिक्षा ठरवणारं याच कायद्याचं कलम ६६ अ रद्द केलं आणि कलम ७९ बद्दल सांगितलं की, प्रत्यक्ष माहिती म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारने वा सरकारी यंत्रणेने कंपनीला दिलेली सूचना. नाहीतर लाखो तक्रारींतली खरी कोणती, हे कंपनीलाच ठरवत बसावं लागेल.

तुमच्या लेकीने नेमकं इथे थांबून विचार करावा. कंपनीला प्रत्येक पोस्टसाठी जबाबदार धरलं, तर भीतीपोटी सगळ्यात आधी पालघरच्या मुलीसारखी पोस्ट उडेल. कंपनीला मोकळं सोडलं, तर तिची मैत्रीण दारोदार फिरत राहील. या दोघींची बाजू मांडता येईल अशी माणसं मला या क्षेत्रात हवी आहेत, आणि तिच्यात ते बीज दिसतंय.

मार्ग सांगते. बारावीनंतर पाच वर्षांचा लॉ, त्यासाठी राज्याची सीईटी. पवईच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचं टीएमसी लॉ कॉलेज आहे, रोजच्या लोकलचा प्रवास जमण्यासारखा. वडिलांचं म्हणणंही मोडीत काढायला नको : इंजिनीअरिंग करून मग तीन वर्षांचा लॉ केलेल्या माणसाला अल्गोरिदम कसा चालतो हे कोर्टात समजावता येतं. पण तिला गणिताचा मनापासून कंटाळा असेल, तर चार वर्षं त्यात घालवू नका.

'सायबर लॉ तज्ज्ञ' बनवणारे महागडे सर्टिफिकेट कोर्स आत्ता अजिबात घेऊ नका. नियम सतत बदलतात, पाठ केलेलं दोन वर्षांत शिळं होतं. करार, फौजदारी कायदा, संविधान हे पक्कं असलं की नवा नियम आपला आपण वाचता येतो.

पैशाचंही स्पष्ट बोलते. ठाणे किंवा बेलापूरच्या कोर्टात ज्युनिअर म्हणून सुरुवातीची काही वर्षं हातात फार थोडं पडतं. कंपन्यांचे कायदा आणि धोरण विभाग, मजकुराच्या तक्रारी हाताळणाऱ्या टीम, डिजिटल हक्कांवर काम करणाऱ्या संस्था इथेही जागा असतात, पण तिथेही लिहिता आणि युक्तिवाद करता येणारी व्यक्तीच लागते.

२०१५ चा तो निकाल इंटरनेटवर फुकट मिळतो. इंग्रजीत आहे, लांबलचक आहे. परीक्षा संपल्यावर तिला वाचायला द्या आणि जेवताना वडिलांनी कंपनीची बाजू घेऊन तिच्याशी वाद घालावा. मात्र सीईटीच्या फॉर्मची तारीख परीक्षेच्या धामधुमीत निघून जाते, तेव्हा तो फॉर्म आत्ताच भरून टाका.