लाल डाग म्हणजे मॅग्मा नव्हे

टोमोग्राफीचा, म्हणजे भूकंपलहरींच्या वेगावरून काढलेला जमिनीखालचा, पहिला नकाशा हातात आला की नजर लाल डागावर खिळते. माझीही खिळली होती. तो डाग एवढंच सांगतो, की इथून भूकंपलहरी हळू गेल्या. खडक नुसता तापलेला असेल, फटींत पाणी किंवा वायू असेल, नाहीतर खरंच वितळलेला खडक, म्हणजे मॅग्मा, असेल. एस-लहरींकडे (खडकाला आडवं हलवत जाणाऱ्या भूकंपलहरींकडे) जास्त लक्ष दे. द्रवातून त्या जातच नाहीत आणि स्फटिकांच्या सांदीत थोडा वितळलेला रस असला तरी चांगल्याच मंदावतात.

दुसऱ्या मोजणीत जमिनीखालचा विद्युतरोध कमी दिसला म्हणूनही हुरळून जाऊ नकोस. खारं गरम पाणी आणि चिकणमातीची खनिजंही वीज सहज वाहू देतात.

सगळ्यात आधी चेकरबोर्ड चाचणी कर. मॉडेलमध्ये मुद्दाम जलद-मंद वेगांच्या चौकटींचा बुद्धिबळाचा पट घाल आणि आपल्या भूकंपमापक स्टेशनांच्या जाळ्यातून तो परत कसा दिसतो ते बघ. जिथे चौकटी एकमेकींत मिसळल्या, तिथल्या डागाबद्दल गप्प बसायचं. (हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच लोक टाळतात.)

आणि डोक्यातून ज्वालामुखीखालची ती मॅग्म्याने भरलेली टाकी काढून टाक. अमेरिकेतल्या यलोस्टोन ज्वालामुखीखालच्या उथळ साठ्यात वितळलेला भाग १६ ते २० टक्के असावा, असा अंदाज २०२२ मध्ये आला. बाकी सगळे घन स्फटिक.

उलटही होतं. आइसलँडमधल्या क्राफ्ला ज्वालामुखीत २००९ मध्ये चार किलोमीटरपेक्षा खोल विहीर खोदायची होती. जेमतेम २.१ किलोमीटरवर ड्रिल मॅग्म्यात घुसलं. तिथे सर्वेक्षणं आधी झालेली होती, तरी हा मॅग्मा कुणाला दिसला नव्हता.